फूल, दोन पानं आणि आडवी बाटली

आपण आमदार निवडून देतो, पण कायद्यावर कधी मत देतो का? राज्याचा कायदा विधिमंडळ करतं. आपण फार तर निवेदन द्यायचं, मोर्चा काढायचा. स्वित्झर्लंडमध्ये मात्र १८ महिन्यांत एक लाख नागरिकांच्या सह्या जमल्या की राज्यघटनेतली दुरुस्ती देशभर मतदानाला जाते.

कुणी म्हणेल, आमदार निवडला यातच मत आलं की! याचं उत्तर गोव्यात आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर तिथे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासितची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, पानांना १,७२,१९१. आणि गंमत बघा, त्याच वर्षीच्या निवडणुकीत विलीनीकरण मागणारा भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्षच पुन्हा सत्तेवर आला. माणसं तीच, पण पक्षाला दिलेलं मत वेगळं आणि प्रश्नाला दिलेलं वेगळं. अर्थात, तो प्रश्नही संसदेने कायदा करून विचारला होता, लोकांनी सह्या करून नव्हे.

सह्यांवरून मतदान आपल्याकडे होतं ते दारूच्या दुकानावर. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण खरी मेख मोजणीत आहे. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. समजा यादीत ८०० महिला आहेत. ५०० आल्या, ३९० जणींनी आडवी केली, ११० जणींनी उभी. तरी दुकान चालूच, कारण ४०१ हव्यात! म्हणजे न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. आपण होस्टेलवाले तरी वेगळे कुठे? नाव गावच्या यादीत, माणूस इथे मेसमध्ये. उलट, फक्त आलेल्यांचीच मतं मोजली तर साठ जण येऊन एकतीस जण सगळ्या गावाचा निकाल लावतील.

मला विचाराल तर कायदा सुचवण्याचा आणि त्यावर मत देण्याचा हक्क यावा. बहुमत आलेल्यांचं धरावं, पण बाजूची मतं यादीच्या निदान तीस टक्के असावीत. आणि मतदान ठेवावं मे महिन्यात, तोडकरी गावी परतल्यावर. तेव्हा आपल्यालाही सुट्ट्या असतात.