ट्रान्झिस्टर का जळतो?

माझे वडील नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर मजुरी करतात. हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यावर मी घरीच ‘बिटेक्स’ संच जुळवला. हैदराबादच्या अशहर फरहान यांची ही रचना. त्यातील शेवटचा ‘आयआरएफ ५१०’ ट्रान्झिस्टर लागोपाठ तीनदा जळाला. घरची एका दिवसाची मजुरी त्यात गेली. प्रत्येक वेळी मी नुसता ट्रान्झिस्टर बदलला, कारण शोधले नाही. चूक तीच झाली.

चौथा बसवताना १ किलोओहमचे, २ वॉटचे २० कार्बन रोध समांतर जोडून ५० ओहमचा कृत्रिम भार केला. बायसचा प्रीसेट अगदी कमीवर ठेवून हळूहळू वाढवला. संच उत्तम चालला. म्हणजे दोष संचाबाहेर!

७ मेगाहर्ट्झच्या, सुमारे २० मीटर लांबीच्या डायपोलचे दोन्ही भाग एकमेकांना जोडलेले नसतात. तरी मीटरने जोड दाखवला. कडुनिंबावरच्या सांध्यात केबलच्या जाळीची एक बारीक तार मधल्या तारेला टेकली होती. त्यामुळे शक्ती अँटेनातून बाहेर न पडता परत फिरे आणि ट्रान्झिस्टर जाळी.

सांधा नीट केला. वडिलांनी विचारले, “आता परत पैसे लागतील का रे?” म्हटले, “नाही.”