स्पीकरच्या पायाखाली काय ठेवायचं?

बाबू, एक दुकानदार तुला टोकदार लोखंडी पाय घे म्हणतो, दुसरा रबरी गाद्या गळ्यात मारतो. दोघांनाही जरा थांबव. आधी वाजतंय कोण, ते शोध.

डग्गा चांगला घुमतो अशी एखादी रेकॉर्ड लाव, रोज ऐकतोस तेवढ्याच आवाजात. मग स्पीकरखाली जाड गोधडीची घडी सरकव. खडखड थांबली तर थरथर पायातून टेबलात उतरत होती. तशीच राहिली तर ती हवेतून येतेय, आणि तिला पायाखाली काहीही ठेवलं तरी उपयोग नाही. आपल्या नांदगाव पेठेतल्या घरांत गुन्हेगार बहुतेक वेळा भलतीकडेच असतो. शोकेसची सैल काच, मांडणीवरची स्टीलची ताटं, पडवीचे टिनपत्रे. एकेकावर तळहात दाबून पाहा. आवाज बंद झाला की सापडला. आणि नुसतं घुमत असेल, खडखड नसेल, तर स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढ. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून ते कुणी सांगत नाही.

आता जमिनीचं. सहा इंची स्पीकरचा हलणारा पडदा दहा-पंधरा ग्रामचा, डबा समज सहा किलोचा. पडदा पुढे जातो तेव्हा डबा मागे ढकलला जातो खरा, पण चारशे-सहाशे पट कमी. पडदा 5 मिलिमीटर गेला तर डबा जेमतेम शंभरावा हिस्सा मिलिमीटर. एवढ्यानं स्लॅबची भक्कम फरशी काय हलणार? तिथे टोकदार पायांचं काम एवढंच की डबा डुगडुगत नाही. पण प्लायवूडचं टीव्ही युनिट, जुन्या घराचा लाकडी माळा किंवा लोखंडी कपाट असेल तर ते स्वतःच वाजायला लागतं. तिथे रबर हवं. फरशीचीही खात्री धरू नको बाप्पा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तळमजल्याची फरशी खालून सुटते. नाण्यानं ठोकून पाहा. पोकळ बोलली तर स्पीकर शेजारच्या फरशीवर घे.

रबर घेशील तेव्हा ते किती दबतं ते पाहा. न दबणारं रबर म्हणजे नुसता ठोकळा. स्पीकरच्या वजनानं जितके मिलिमीटर दबतं त्याचं वर्गमूळ काढ आणि 16 ला त्यानं भाग. तेवढ्या हर्ट्झवर ते स्वतः झुलतं. 1 मिलिमीटरला 16, 4 मिलिमीटरला 8. रबर हिशेबापेक्षा थोडं ताठच वागतं, म्हणून आकडा जरा वर धर. त्या आकड्याच्या दीडपटीवरचीच थरथर ते अडवतं, खालची सोडून देतं आणि नेमकी त्याच आकड्याची आली तर वाढवतं. घरगुती स्पीकरचा खर्ज 40-50 हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणून 1-2 मिलिमीटर दबणं पुरे. टेनिस बॉल अर्धा कापून चार कोपऱ्यांखाली पालथा घातला तरी काम होतं, फक्त उंच स्पीकरला नको, डोलतो.

तबकडीच्या प्लेअरचं मात्र उलटं आहे. तिथे थरथर बाहेरून आत येते. आपल्या दारावरून जुना 6 नंबरचा, आताचा 53 नंबरचा हायवे जातो. भरलेल्या ट्रकची थरथर साधारण 10 ते 20 हर्ट्झची असते. म्हणजे 16 वर झुलणारी गादी ती अडवण्याऐवजी वाढवून सुईपर्यंत पोचवील. प्लेअर जमिनीवरच्या टेबलावरून उचल आणि भार घेणाऱ्या विटांच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळीवर ठेव. स्पीकर त्या फळीवर चुकूनही नको.

झालेला फरक तपासायला तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग घे. खंजिरीची थाप आणि तिच्या झांजा वेगवेगळ्या ऐकू यायला हव्यात. फर्निचर वाजत असेल तर थापेमागे गुरगुर लागते आणि झांजा त्यात बुडतात. महागड्या परदेशी टेस्ट सीडीपेक्षा मला हीच कसोटी पटते, कारण खंजिरी कशी वाजते हे मोझरीच्या वाटेवरच्या पोट्ट्यांना कानानंच ठाऊक असतं.

टोकदार पाय लावलेसच तर चारही पायांवर भार सारखा येईपर्यंत फिरव, मगच चेकनट आवळ. प्रत्येक टोकाखाली एकेक नाणं ठेव, नाहीतर नव्या फरशीवरच्या ओरखड्यांचा जाब सूनबाई मलाच विचारेल.