अर्ध्या टनाचे ओझे

[माणसाने ओझी वाहण्यासाठी आधी स्वतःची पाठ वापरली, मग बैलाची, मग यंत्राची. पण जे ओझे माणसाला हलवताही येत नाही, असे ओझे त्याने मुद्दाम का तयार केले असेल? या पाठात गवताच्या मोठ्या गोल गठ्ठ्यांची आणि ते उचलणाऱ्या साधनांची माहिती दिली आहे. यंत्र आपले कष्ट कमी करते. पण सावध राहण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते, हे पाठ वाचताना तुमच्या लक्षात येईल.]

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण मालेगाव, भिवंडी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत राहत असतील. सुताने भरलेले जड बीम खांद्यावरून नेणारे कामगार तुम्ही पाहिले असतील. बाजारात धान्याची पोती पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारे हमालही पाहिले असतील. ५० किलोचे पोते घेऊन चढणाऱ्या हमालाच्या कपाळावर घाम कसा येतो, ते आठवा. आता अशी दहा पोती एकत्र बांधून एकच ओझे केले, तर ते कोण उचलील?

असे ओझे खरोखरच असते. ते असते गवताचे! गवत म्हटले की आपल्याला हलकी वस्तू आठवते. पण अमेरिकेतील एखाद्या शेतावर उन्हाळ्यात गेलात, तर तेथे वाळलेल्या गवताचे मोठमोठे गोल गठ्ठे पडलेले दिसतात. लांबून ते ढोलासारखे वाटतात. जवळ गेल्यावर कळते, की ते आपल्या छातीइतके किंवा डोक्याइतके उंच आहेत. १.२ मीटर रुंद आणि १.५ मीटर व्यासाचा गठ्ठा सुमारे ४०० किलो भरतो. त्याहून मोठा गठ्ठा ६०० ते ८०० किलोपर्यंत जातो. आपण सोयीसाठी ५०० किलोचा, म्हणजे अर्ध्या टनाचा गठ्ठा धरू.

हे गवत कशासाठी साठवतात? अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ पडते. कुरणे बर्फाखाली झाकली जातात. तेव्हा गाईगुरांना काय घालायचे? आपल्याकडे शेतकरी कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचतो आणि उन्हाळ्याची बेगमी करतो. तिकडचा शेतकरी उन्हाळ्यात गवत वाळवून हिवाळ्याची बेगमी करतो. हंगाम वेगळे, पण काळजी एकच : मुकी जनावरे उपाशी राहू नयेत.

पूर्वी तिकडे गवताचे लहान चौकोनी गठ्ठे बांधत. एक गठ्ठा सुमारे २५ किलोचा. तो हाताने उचलता येई. मग तो लहान गठ्ठाच बरा नव्हता का? थोडा हिशेब करू. ५०० किलो गवताचे असे २० गठ्ठे होतात. प्रत्येक गठ्ठा शेतातून गाडीवर, गाडीतून कोठारात आणि कोठारातून गोठ्यात, असा निदान तीन वेळा उचलावा लागे. म्हणजे ६० वेळा वाकायचे आणि एकूण १५०० किलो वजन उचलायचे! हे झाले फक्त ५०० किलो गवताचे. मोठ्या शेतावर असे शेकडो गठ्ठे असत. भर उन्हात घरातील सारी माणसे या कामाला लागत. पाठ दुखे, हात सोलवटत आणि मजूर मिळेनासे होत. त्यात पाऊस आला, की वाळलेले गवत भिजून खराब होई.

गवत गोल गुंडाळण्याची कल्पना तशी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेब्रास्का राज्यातील ल्यूबेन कुटुंबाने असे एक यंत्र तयार केले होते. पुढे १९४७ पासून ॲलिस-चामर्स या कंपनीने गोल गठ्ठ्यांचे यंत्र विकायला आणले. पण ते गठ्ठेही लहानच होते. खरा बदल झाला तो १९७१ साली. आयोवा राज्यातील पेला गावच्या गॅरी व्हर्मीर यांनी मोठे गोल गठ्ठे बांधणारे यंत्र बाजारात आणले. हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. जमिनीवर ओळीने पडलेले गवत ते आत ओढून घेते आणि चटई गुंडाळावी तसे गुंडाळत जाते. गठ्ठा पुरेसा मोठा झाला, की त्यावर सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते. मग यंत्राचे मागचे दार उघडते आणि गठ्ठा बाहेर पडतो. हे सारे काम एकटा माणूस ट्रॅक्टरवर बसून करतो.

आता पाठाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला सापडले असेल. माणसाने हे ओझे इतके जड केले, कारण ते हाताने उचलायचेच नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली, की प्रौढ पुरुष कामगाराला ५५ किलोपेक्षा जास्त वजन वाहायला लावू नये. त्या मापाने आपल्या गठ्ठ्याला नऊ-दहा माणसे लागतील. आणि ती आली, तरी गोल गठ्ठ्याला धरायला कडी नाही की कोपरा नाही!

मग हा गठ्ठा उचलतात कसा? त्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे भाला. हा लढाईतला भाला नव्हे. सुमारे एक मीटर लांबीचा हा टोकदार पोलादी दांडा ट्रॅक्टरच्या मागच्या उचलदांड्यांना जोडलेला असतो. ट्रॅक्टर मागे घेत घेत शेतकरी तो गठ्ठ्याच्या चपट्या बाजूत, मध्यभागापेक्षा जरा खाली, खुपसतो. मुख्य भाल्याच्या बाजूला दोन आखूड भाले असतात. त्यांच्यामुळे गठ्ठा गरगर फिरत नाही. मग चालक एक लहानसा दांडा ओढतो आणि अर्ध्या टनाचा गठ्ठा अलगद वर येतो.

ही शक्ती कोठून येते? ती येते तेलाच्या दाबातून. फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात एक नियम सांगितला. बंद भांड्यातील द्रवावर दाब दिला, तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, एका बारीक नळीतील दट्ट्या १ चौरस सेंटिमीटरचा आहे आणि तिला जोडलेल्या मोठ्या नळीतील दट्ट्या ५० चौरस सेंटिमीटरचा आहे. लहान दट्ट्यावर १० किलो वजनाइतका जोर दिला, तर मोठा दट्ट्या ५०० किलो वजन तोलून धरतो. पण निसर्ग फुकट काही देत नाही. मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर जाण्यासाठी लहान दट्ट्या ५० सेंटिमीटर खाली जावा लागतो. ट्रॅक्टरमध्ये हे काम इंजिनावर चालणारा पंप करतो. तो तेल सतत ढकलत राहतो.

प्रत्येक गठ्ठ्याला भाला चालत नाही. काही शेतकरी गवत पुरते वाळू न देता गुंडाळतात आणि त्यावर प्लॅस्टिकचे घट्ट आवरण चढवतात. आत हवा नसल्याने ते गवत लोणच्यासारखे मुरते. आपल्याकडेही असा चारा करतात. त्याला मुरघास म्हणतात. या आवरणाला भोक पडले, की हवा आत शिरते आणि चाऱ्याला बुरशी लागते. म्हणून तेथे चिमटा वापरतात. त्याचे दोन गोलसर हात गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात आणि आवरण न फाडता उचलतात. लांब जायचे असेल, तर गठ्ठे ओळीने भरणारे ट्रेलर असतात. गुरांपुढे गठ्ठा सतरंजीसारखा उलगडत नेणारी साधनेही असतात. जशी गरज, तसे साधन.

गठ्ठा कोठे ठेवायचा, हेही महत्त्वाचे आहे. गोल आकारामुळे पावसाचे बरेचसे पाणी वरून निथळून जाते. पण बाहेरचा थर खराब होतोच. तुम्हांला वाटेल, १५ सेंटिमीटरचा थर गेला तर काय बिघडले? पुन्हा हिशेब करा. १.५ मीटर व्यासाच्या गठ्ठ्याचा चोहोबाजूंचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे एकूण गवताचा ३६ टक्के भाग! म्हणून शहाणा शेतकरी गठ्ठे छपराखाली किंवा खडी टाकलेल्या उंच जागेवर ठेवतो.

मुलांनो, येथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, की यंत्राने सारे दुःख संपवले. तसे मात्र नाही. गोल वस्तू उतारावर स्वस्थ बसत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सुमारे ६०० किलोचा एक गोल गठ्ठा उताराच्या शेतातून घरंगळत खाली आला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीवर आदळला. गाडी चालवणारे माइक एडवर्ड्स जागीच मरण पावले. चेलो हे वाद्य वाजवणारे ते नामवंत कलावंत होते. त्यांचा त्या गवताशी काहीही संबंध नव्हता. ते फक्त रस्त्याने चालले होते.

म्हणूनच या कामाचे काही नियम आहेत. उतारावर गठ्ठा ठेवताना त्याची चपटी बाजू उताराकडे करावी, म्हणजे तो घरंगळणार नाही. गठ्ठा मागे उचलला, की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. सायकलच्या कॅरिअरवर जड पोते ठेवल्यावर पुढचे चाक कसे उचलले जाते, ते तुम्हांला ठाऊक आहे. त्यासाठी ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी वजने लावतात. गठ्ठा पुढच्या बाजूने उचलला असेल, तर मागे वजन लावतात. चालताना गठ्ठा जमिनीपासून फार वर नेऊ नये. ओझे जितके उंच, तितका ट्रॅक्टर उलटण्याचा धोका जास्त. पुढून फार उंच उचललेला गठ्ठा निसटला, तर तो मागे घरंगळून थेट चालकावर येऊ शकतो. ट्रॅक्टर उलटला तरी चालक चिरडू नये, म्हणून आसनाभोवती मजबूत चौकट बसवतात. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली. आणि उचललेल्या गठ्ठ्याखाली कोणीही उभे राहू नये, क्षणभरसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्वी या कामाला दहा माणसे लागत. पाठ मोडून जाई; पण एखादा पडला, तर उचलायला बाकीचे नऊ जण जवळ असत. आता शेतात माणूस एकटाच असतो. त्याची पाठ वाचली; पण त्याला सावध करणारी हाकही नाहीशी झाली. म्हणून कामाला जाताना आपण कोठे चाललो आहोत आणि केव्हा परत येणार, हे घरी सांगून जाणे, हासुद्धा या कामातील एक नियमच समजावा.

उद्या तुमच्यापैकी कोणी कारखान्यात काम करील, कोणी गोदामात, कोणी शेतात. तुमच्या हाताखाली मोठमोठी यंत्रे असतील. एका बोटाने तुम्ही अर्धा टन वजन उचलाल. तेव्हा एवढे आठवा : ओझे हलके झालेले नसते, ते फक्त आपल्या पाठीवरून उतरलेले असते.

शब्दार्थ

बेगमी – पुढच्या दिवसांसाठी केलेला साठा
गंजी – कडब्याचा किंवा गवताचा रचलेला ढीग
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे
दट्ट्या – नळीत पुढे-मागे सरकणारा भाग
घरंगळणे – गोल वस्तू गडगडत जाणे
निथळणे – पाणी हळूहळू गळून जाणे
कवेत घेणे – दोन्ही हातांनी मिठीत धरणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोठे गोल गठ्ठे बांधणारे यंत्र १९७१ साली कोणी बाजारात आणले?
(आ) मुरघासाच्या गठ्ठ्याला भाला का चालत नाही?
(इ) उतारावर गठ्ठा कसा ठेवावा?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लहान गठ्ठ्यांमुळे शेतकऱ्यांचे कष्ट का वाढत?
(आ) 'निसर्ग फुकट काही देत नाही' असे लेखकाने का म्हटले आहे?
(इ) एकट्याने काम करण्याचा फायदा कोणता आणि धोका कोणता?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
बेगमी करणे, कवेत घेणे, स्वस्थ बसणे.

प्र. ४. वजन, जमीन, मजूर, हमाल, जनावर, बाजू, हंगाम हे शब्द तुमच्या उर्दू भाषेतही ओळखीचे आहेत. त्यांपैकी 'बाजू' आणि 'हंगाम' यांचे मराठीतील अर्थ उर्दूपेक्षा कसे वेगळे आहेत, ते शिक्षकांशी चर्चा करून लिहा.

प्र. ५. हिशेब करा.
२ मीटर व्यासाच्या गठ्ठ्याचा चोहोबाजूंचा २० सेंटिमीटरचा थर खराब झाला, तर एकूण गवताचा किती टक्के भाग वाया गेला?

उपक्रम : तुमच्या गावातील हमाल, यंत्रमाग कामगार किंवा शेतकरी यांच्याशी बोला. ते जड ओझी कशी उचलतात आणि कोणती काळजी घेतात, ते विचारा. मिळालेली माहिती दहा ओळींत मराठीत लिहा.