धडा : फोटोंची चित्रफीत, हक्काचा व्यवसाय

मैत्रिणींनो, बारसं, डोहाळजेवण, लग्न, पंच्याहत्तरी, शाळेतल्या बाईंचा निरोप समारंभ. अशा प्रत्येक कार्यक्रमात आता जुने फोटो गाण्यावर पडद्यावर दाखवतात. मोबाईलवर अशी स्लाईड शो बनवणं आपल्यातल्या कितीतरी जणींना जमतं. अडतं ते गिऱ्हाईक मिळवायला आणि पैसे मागायला. आज तेच शिकू.

हे काम नवीन नाही बरं का! 1892 साली कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. खेळाचं नाव ‘शांबरिक खरोलिका’. चित्रांच्या जोडीला गोष्ट सांगायची, संगीत असायचं. ध्यानात ठेवा, लोक नुसतं चित्र बघत नाहीत, गोष्ट बघतात.

1. आधी नमुना. जाहिरातीचा कागद वाटण्याआधी एक मिनिटाचा नमुना तयार करा. आपल्याच गटाचे फोटो घ्या, पण सगळ्या जणींना विचारून. पहिली बैठक, पहिलं कर्ज, पहिला धंदा अशी ओळ लावा. शेवटी तुमचं नाव आणि मोबाईल नंबर.

2. गिऱ्हाईक कुठे? गारखेड्यात गजानन महाराज मंदिर ते सूतगिरणी चौक एक चक्कर मारा. मंगल कार्यालय, फोटो स्टुडिओ, मेंदीवाली, केटरिंगवाले यांना नमुना दाखवा. कार्यक्रमाची बातमी सगळ्यात आधी त्यांनाच कळते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, म्हणून फिरायचं ते दिवाळीच्या आधी.

3. दर कसा ठरवायचा? समजा 60 फोटो आहेत. प्रत्येकी 5 सेकंद धरले तर 5 मिनिटांची चित्रफीत. निवड, जुळणी, दुरुस्ती मिळून 6 तास लागले. तासाला 70 रुपये धरले तर मजुरी 420, पेनड्राईव्ह 250, जाणं-येणं 80. झाले 750. त्यावर नफा 150. म्हणजे 900 रुपये. निम्मे आगाऊ घ्या. दुरुस्ती दोनदाच, हे आधीच सांगा.

“आपलीच आहेस, मोबाईलवरच तर करायचं” असं कोणी म्हणेलच. तेव्हा हा हिशोब समोर ठेवा. ओळखीच्यांना सूट द्या हवी तर, पण तीही वहीत लिहा. रात्री जागून केलेलं काम फुकटात गेलं, तर तो व्यवसाय नाही, वेठ झाली.

4. फोटो म्हणजे ठेव. एखाद्या घरी गेलेल्या वडिलांचा एकच फोटो असतो. तो हरवला तर कितीही पैसे दिले तरी भरून येत नाही. म्हणून:
- शक्यतो फोटो घरी आणू नका, त्यांच्याच घरी बसून मोबाईलवर काढून घ्या.
- काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेवरूनच, फ्लॅश बंद करून, सावलीत काढा.
- आणावेच लागले तर मोजून घ्या, वहीत सही घ्या, मोजून परत करा.
- व्हॉट्सअॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर मोठ्या पडद्यावर फोटो फुटतो.
- नावं, नाती, तारखा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्या.
- परवानगीशिवाय कोणाचा फोटो स्टेटसला नको.

5. कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी जाऊन तिथल्याच पडद्यावर पेनड्राईव्ह लावून बघा. गाण्याचंही सांगून ठेवा: सिनेमाचं गाणं असलेली चित्रफीत यूट्यूबवर टाकली, तर मालकी हक्कामुळे आवाज बंद होऊ शकतो.

काम आवडलं की तिथेच विचारा, “ताई, तुमच्या ओळखीत पुढचं कार्य कोणाकडे आहे?” पुढची ऑर्डर बहुतेक त्याच मांडवात असते.

पुढच्या बैठकीत करा : दोघी-दोघींची जोडी लावा. एक गिऱ्हाईक, एक व्यावसायिक. गिऱ्हाइकाने घासाघीस करायची. दुसरीने न लाजता दर सांगायचा आणि हिशोब समजावायचा. मग अदलाबदल करा. पहिल्या वेळी जीभ अडखळेल, तिसऱ्या वेळी नाही.