शाळेची वाट आणि वस्तीची रचना

रस्त्यावर मुलाला अपघात झाला की दोष त्याच्या धांदरटपणावर टाकण्याची रीत आहे. परंतु लहान मुलांना वाहनाचा वेग व आवाजाची दिशा नीट अजमावता येत नाही, हे स्वीडनच्या स्टीना सँडेल्स यांनी १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. ही उणीव उपदेशाने भरून निघत नाही. म्हणून वस्तीकडेच पाहणे अगत्याचे ठरते.

साताऱ्याच्या जुन्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसल्या आहेत. उतरत्या वाहनास थांबण्यासाठी सपाटीपेक्षा अधिक अंतर लागते आणि गल्लीच्या तोंडाशी वाहन उभे असले, की त्यामागचे मूल चालकास दिसतच नाही. सांगलीची जमीन सपाट व काळी. तेथे वेग सहज वाढतो. पावसात साइडपट्टीचा चिखल झाला, की दप्तर सावरीत मुले डांबरावर उतरतात. हातगाड्यांनी व्यापलेला पदपथ तर केवळ कागदावरचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी, असे म्हटले आहे.

मानकांत कसूर होऊन मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार यंत्रणेस व ठेकेदारास १ लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झाली. मात्र ती अपघातानंतरची. त्यापूर्वी शिक्षकांनी व नगरसेवकांनी शाळा भरण्याच्या वेळी फाटकाजवळ, मुलाच्या उंचीइतके वाकून, रस्ता एकदा पाहावा; जे दृष्टीआड होते त्याची नोंद करून ती नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे लेखी द्यावी.