अंगणातील हिरवळ आणि आपल्या मातीतील झाडे



वसईत घरे नवी झाली, तशी अंगणेही बदलली. जिथे अबोली, कोरांटी, कढीपत्ता असे, तिथे आता मशीनने कापलेली हिरवळ दिसते. आपल्या चर्चसमोरही ती आहे. तिच्या जागी इथल्या मातीतील झाडे लावावीत का, याविषयी आज आपण विचार करू या.

प्रथम पाण्याचा हिशोब. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात हिरवळ टिकवायला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे गुंठाभर हिरवळ रोज सुमारे ५०० लिटर पाणी पिते. वीस दिवसांत १० हजार लिटरचा एक टँकर संपतो. ज्या पट्ट्यात बावखले बुजली आणि उन्हाळ्यात विहिरींचे पाणी मचूळ होते, तिथे हा खर्च शेजाऱ्याच्या हंड्यातून होतो. निरगुडी, करवंद, कोरांटी यांना पहिला उन्हाळा पाणी घालावे लागते. मुळे खोल गेली की ती बरीचशी आपली आपण तगतात.

दुसरा मुद्दा जीवसृष्टीचा. महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंत (ब्लू मॉर्मन) हे राज्य फुलपाखरू घोषित केले. त्याच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पाने खाऊन वाढतात. कापलेल्या हिरवळीवर त्यांना खायला काही नसते. फुलपाखरू हवे, पण कुरतडलेले पान नको, असे म्हणून चालत नाही. पाहुणा घरी यावा असे वाटत असेल, तर ताट वाढावे लागते.

यात परक्या झाडांचा द्वेष नाही. काजू, पेरू आणि मिरची अमेरिका खंडातून आली आणि आपल्या स्वयंपाकघरात रुळली. प्रश्न झाड कुठून आले एवढाच नाही. ते इथे काय घेते आणि इथल्यांना काय देते, हे पाहायला हवे.

‘रान माजेल, चर्चची शोभा जाईल,’ अशी काहींना काळजी वाटते. ती रास्त आहे. परंतु सुव्यवस्था म्हणजे सर्व काही एकाच उंचीचे असणे नव्हे. प्रत्येकाला योग्य जागा असणे, हीदेखील सुव्यवस्थाच. असिसीकर संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा काही भाग मशागत न करता राखून ठेवायला सांगत. रानफुले तिथे आपोआप उगवावीत, हा त्यामागचा हेतू होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याची आठवण करून दिली आहे.

सुरुवात अशी करता येईल. मे महिन्यात हिरवळीच्या एका भागावर जुनी वर्तमानपत्रे अंथरून, ती भिजवून, वर जाड पालापाचोळा पसरावा. खालचे गवत मरून कुजू लागते. पाऊस चांगला लागला की रोपे लावावीत: कडेला ताम्हण, मध्ये निरगुडी व कढीपत्ता, पायवाटेलगत अबोली. करवंद काटेरी असल्याने कुंपणालाच बरे. पायवाट रुंद व मोकळी ठेवावी, म्हणजे वृद्धांना अडचण होणार नाही. मुलांना खेळायला हिरवळीचा एक तुकडा राहू द्यावा. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये, त्यात डास होतात. आणि पाचोळा जाळू नये. तो झाडांच्या बुंध्याशी घातला, तर माती ओलावा धरते.

पहिली दोन वर्षे बाग थोडी विस्कळीत दिसेल. तेवढा धीर आपल्याला धरावा लागेल.

घरी विचार करण्यासाठी:
१. आपल्या अंगणातील कोणते झाड आजी-आजोबांच्या वेळेपासून आहे?
२. आपल्या अंगणात रोज किती पाणी जाते?
३. हिरवळीचा कोणता कोपरा आपण यंदा मोकळा करू शकतो?