दिवाळीचा कंदील, नाताळची चांदणी



बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींना येतो. पण दिवाळी झाली की कोयता ठेवून द्यायचा आणि पुढच्या वर्षीच काढायचा, असं होतं. त्यानंतर काही आठवड्यांत 25 डिसेंबरला नाताळ येतो. त्या सणालाही दारात कंदीलच लागतो, फक्त तो चांदणीच्या आकाराचा असतो. म्हणून या अंकात चांदणी, गोठा आणि त्यांचा हिशोब शिकू या.

आधी सण समजून घेऊ

येशूचा जन्म झाला तेव्हा बाळाला गुरांच्या गव्हाणीत ठेवलं होतं, आणि एका ताऱ्याने दूरच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवली, अशी ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा आहे. म्हणून नाताळात दारावर चांदणी लावतात आणि घरात छोटा गोठा मांडतात. वसईत, मुंबईतल्या जुन्या गावठाणांत, गोव्यात ही पद्धत आहे. आपल्याच रायगडात मुरुड तालुक्यातल्या कोर्लईत आजही पोर्तुगीजवरून आलेली बोली बोलतात. ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. आपल्याला ही शोभेची वस्तू वाटेल, पण घेणाऱ्यासाठी ती श्रद्धेची आहे. तेव्हा काम स्वच्छ हवं.

बाजारात प्लास्टिकच्या चांदण्या स्वस्त मिळतात. पण खरा बांबू, खरा पेंढा बघून घेणारं गिऱ्हाईकही आहे. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवाल्यांना असा गावाकडचा साज हवा असतो. शिवाय सजावटीसाठी थर्माकोल वापरायला महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे.

चांदणी

साहित्य : दीड फुटाच्या 10 सारख्या कामट्या, 4 इंचाचे 5 तुकडे, दोरा, पतंगाचा कागद, मैद्याची खळ.

1. बांबू जून घ्या, निदान तीन वर्षांचा. कोवळ्याला लवकर कीड लागते. कापल्यावर 8-10 दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. असं न केल्यास पुढे कामटीतून पीठ गळतं आणि गिऱ्हाईक परत येत नाही.
2. कामट्या तासून गुळगुळीत करा. कुसळ राहिलं तर कागद फाटतो.
3. पाच कामट्यांची एक चांदणी मांडा. टोकं बांधा, आतल्या पाच फुल्याही बांधा. तशीच दुसरी करा.
4. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त टोकं एकत्र बांधा. मग आतल्या फुल्यांमध्ये 4 इंचाचे तुकडे उभे बसवा. चांदणी फुगते.
5. कागद एकेका बाजूला वेगळा चिकटवा. मागचा मधला भाग दिव्यासाठी उघडा ठेवा. आत एलईडीच लावायला सांगा. साधा बल्ब तापतो आणि कागद पेटू शकतो.

गोठा

पुठ्ठ्याचा किंवा जुन्या प्लायचा दीड फूट लांब, एक फूट रुंद तळ घ्या. तीन बाजूंना कारवीचा कूड उभा करा आणि आतून मातीने सारवा. जंगलातून कारवी तोडू नका, जुन्या कुडाची चालते. वर पेंढ्याचं छप्पर घाला. पेंढा दोन दिवस कडक उन्हात वाळलेला हवा, नाहीतर बुरशी येते. समोरची बाजू मोकळी सोडा, मूर्ती घरचे लोक आपल्या मांडतात. एक छोटी गव्हाण मात्र करून द्या. गव्हाण कशी असते, ते तुम्हाला शिकवायला नको!

वेळ

डिसेंबर लागला की चांदण्या लागू लागतात, म्हणून माल नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात हवा. त्याच सुमारास भाताची कापणी-झोडणी असते, हे विसरू नका. कंदिलाच्या कामट्या काढतानाच चांदणीच्याही काढून ठेवा. नमुना एकच करा, तो दाखवून ऑक्टोबरात ऑर्डर घ्या, थोडी उचल घ्या, आणि मगच बाकीचं सामान आणा. मोहोपाडा बाजार, पनवेलच्या सोसायट्या, फार्महाऊस इथून सुरुवात करता येईल.

किंमत : इथेच आपण फसतो

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे घालून बघा.

बांबू 20, कागद 30, दोरा-खळ 10, वाहतूक 15, मोडतोड 10. झाले 85 रुपये.
मजुरी : अडीच तास, तासाला 60 रुपये. झाले 150 रुपये.
एकूण 235 रुपये.

आता व्यापारी म्हणतो, “180 ला द्या. बांबू तुमच्याच बांधावरचा, आणि बायका काय, घरीच तर असतात.” 180 मधून 85 गेले, राहिले 95. अडीच तासांचे 95, म्हणजे तासाला 38 रुपये. याला नफा म्हणत नाहीत, ताई. आपलीच मजुरी आपण त्याला देऊन टाकली. घरचा बांबूसुद्धा विकत आणल्यासारखाच धरायचा, कारण तो विकला असता तर पैसे आलेच असते.

235 ही आपली तळाची किंमत, नफा त्याच्या वर. एकीने 180 ला दिली की उद्या सगळ्यांना 180 च मिळणार. म्हणून तळाची किंमत बैठकीत ठरवा, इतिवृत्तात लिहा, आणि ठरल्यावर कुणी एकटीने खाली उतरायचं नाही.

पुढच्या बैठकीत बोला

1. आपल्या गटात कामट्या काढणाऱ्या किती, कागद लावणाऱ्या किती?
2. एक चांदणी करायला किती वेळ लागतो? घड्याळ लावून बघा.
3. आपली तळाची किंमत किती?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. गटभेटीला आले की आपण मिळून हिशोब तपासू.

– तुमची क्षेत्र समन्वयक